येडशीचा जटायू आणि पक्ष्यांची नोंदवही : घराजवळचा पक्षी इतिहासाचे साधन कसा होतो?

१.
धाराशिवच्या उत्तरेस, बालाघाटाच्या डोंगररांगेत येडशी हे गाव आहे. गावाजवळच्या दरीत, ओढ्याच्या काठी रामलिंगाचे मंदिर उभे आहे. सीतेला घेऊन निघालेल्या रावणाला जटायूने याच ठिकाणी अडविले, असे स्थानिक परंपरा सांगते. मंदिराच्या परिसरात जटायूची समाधीही दाखवितात. एका पक्ष्याची समाधी असलेले हे गाव पक्ष्यांच्या इतिहासाविषयी बोलण्यासाठी योग्य आहे. आजचा धागा त्याविषयीच.

२.
जटायूची कथा येडशीपुरती मर्यादित नाही. नाशिक जिल्ह्यातील टाकेद आणि आंध्र प्रदेशातील लेपाक्षी येथेही ती स्थळाशी जोडलेली आढळते. यांपैकी ‘खरे’ स्थळ कोणते, या वादात इतिहासाच्या अभ्यासकाने पडू नये. मृत प्राण्यांवर जगणाऱ्या, दिसायला ओबडधोबड अशा या पक्ष्याला लोकांनी नायकाचा मान दिला, हे त्याहून महत्त्वाचे आहे. गिधाड परिचयाचे होते, आकाशात नित्य दिसणारे होते. मात्र ते किती होते आणि कोणत्या जातीचे होते, हे कथा सांगत नाही. तिचे ते कामही नव्हे.

३.
मग पक्ष्यांचा इतिहास कशावरून लिहायचा? शिलालेख वाचताना आपण चार प्रश्न विचारतो : कोणी लिहिला, केव्हा, कोठे आणि कशाविषयी? पक्ष्याच्या नोंदीलाही हेच चार प्रश्न लागू पडतात. कोणता पक्षी, कोठे, कोणत्या दिवशी आणि कोणी पाहिला? ही उत्तरे असतील, तर दोन ओळींची टिपणही साधन ठरते. ती नसतील, तर सुंदर छायाचित्रही केवळ शोभेचे राहते.

४.
दख्खनमध्ये पक्ष्यांचे ज्ञान जुने आहे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकात ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ रचला. राजाच्या करमणुकींचे वर्णन करताना त्यात शिकारी ससाण्यांच्या खेळाला स्वतंत्र स्थान दिले आहे. कल्याणी म्हणजे आजचे बसवकल्याण, आपल्या सीमेपलीकडचे शेजारी गाव. शिकारीसाठी पोसायचा पक्षी अचूक ओळखावाच लागतो. दरबारातील हे ज्ञान गरजेतून आले होते.

५.
दरबाराबाहेरचे ज्ञान ग्रंथांत आले नाही, ते नावांत उरले. थव्याने हिंडणारे, सतत कलकलाट करणारे ते सातभाई. आपल्या ओरडण्यावरून नाव मिळालेली ती टिटवी. घरट्याजवळ आलेल्या घारीवर धावून जाणारा, राखणदारी करणारा तो कोतवाल. अंगावर हळदीचा रंग घेऊन आलेला तो हळद्या. ही नावे ठेवणारे शेतकरी, गुराखी आणि फासेपारधी कोठेही नोंदलेले नाहीत. परंतु रूप, आवाज आणि सवय या ओळखीच्या तीनही खुणा त्यांनी एकेका शब्दात साठविल्या.

६.
लेखी नोंदींचे पर्व इंग्रजी अमलात सुरू झाले. पेशवाई संपल्यानंतर मुंबई सरकारने दख्खनची आकडेवारी गोळा करण्याचे काम १८२४ मध्ये विल्यम हेन्री साइक्स या लष्करी अधिकाऱ्याकडे सोपविले. जमीन, पिके आणि लोकसंख्या यांची माहिती जमविताना त्याने पक्षीही टिपले. १८३२ मध्ये लंडनच्या प्राणिशास्त्रीय संस्थेपुढे त्याची दख्खनच्या पक्ष्यांची सूची आली. तीत दोनशेहून अधिक जाती होत्या. हाच साइक्स पुढे लंडनच्या सांख्यिकी संस्थेच्या संस्थापकांत होता.

७.
साइक्सने शास्त्राला नवीन असलेल्या अनेक पक्ष्यांची नावे ठेवली. आपल्या घारीला त्याने ‘गोविंदा’ म्हटले. ते नाव आजही भारतीय घारीच्या उपजातीला लागते. दख्खनच्या माळावरील तुरेवाल्या चंडोलाला त्याने ‘देवा’ हे नाव दिले. मोठ्या राखी सातभाईला मात्र मुंबईचा गव्हर्नर सर जॉन माल्कम याचे नाव मिळाले. एकाच सूचीत गोविंद आणि गव्हर्नर शेजारी बसले. त्या काळाची सत्ता आणि त्या मातीची भाषा, दोन्ही या नावांत वाचता येतात.

८.
एक मर्यादा लक्षात ठेवली पाहिजे. साइक्सची ‘दख्खन’ म्हणजे इंग्रजांच्या ताब्यातील जिल्हे. बार्शी इंग्रजी मुलखात होती. काही कोसांवरची येडशी निजामाच्या राज्यात होती. चंडोल ही सीमा रोज ओलांडत असेल, सूचीकाराने ती ओलांडली नाही. एखाद्या जुन्या सूचीत आपल्या गावाचा पक्षी नसेल, तर तो तेथे नव्हता असा अर्थ होत नाही. कोणी पाहणारा तेथे गेला होता का, हे आधी विचारावे.

९.
त्या काळी ओळख पटवायची तर पक्षी मारावा लागे. दुर्बिणी कामाच्या नव्हत्या, सचित्र मार्गदर्शक पुस्तके नव्हती. मारलेल्या पक्ष्याची कातडी सोलून, आत कापूस भरून, पायाला चिठ्ठी बांधली जाई. चिठ्ठीवर जागा, तारीख आणि संग्राहकाचे नाव असे. संग्रहालयांच्या कपाटांतील असे हजारो नमुने आजही अभ्यासाचा पाया आहेत. नमुन्याचा प्राण त्या चिठ्ठीत असतो. चिठ्ठी खोटी असेल तर काय होते, ते पुढे पाहू.

१०.
१८८३ मध्ये मुंबईत बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन झाली. तिच्याशी आयुष्यभर जोडले गेलेले सालीम अली यांनी १९३१-३२ मध्ये हैदराबाद संस्थानातील पक्ष्यांचे सर्वेक्षण केले. तत्कालीन उस्मानाबाद जिल्हा, म्हणजे आजचा धाराशिव, याच संस्थानात होता. सर्वेक्षणाचा वृत्तांत सोसायटीच्या नियतकालिकात क्रमशः छापला गेला. साइक्सच्या नकाशात कोरी राहिलेली निजामी बाजू अशा रीतीने शास्त्राच्या कक्षेत येऊ लागली.

११.
१९४१ मध्ये सालीम अलींचे भारतीय पक्ष्यांवरील सचित्र पुस्तक निघाले आणि सामान्य वाचकाच्या हाती एक साधी मोजपट्टी आली. पक्षी इंचांत मोजू नका. चिमणीएवढा, साळुंकीएवढा, कावळ्याएवढा की घारीएवढा, असे विचारा. ज्याच्या अंगणात हे चार पक्षी आहेत, त्याच्याजवळ माप आहेच. नवा पक्षी ओळखण्याची वाट जुन्या ओळखीतून जाते. त्यानंतर चोच, शेपटी, पंखांवरील पट्टे, उडण्याची ढब आणि बसण्याची जागा पाहावी. रंग सर्वांत शेवटी, कारण प्रकाश बदलला की रंग फसवितो.

१२.
आता खोट्या चिठ्ठीची गोष्ट. रानपिंगळा हे मध्य भारतातील छोटे घुबड. १८७३ मध्ये अ‍ॅलन ह्यूम याने त्याला शास्त्रीय नाव दिले. पुढे खानदेशात जेम्स डेव्हिडसन या मुलकी अधिकाऱ्याने १८८० च्या दशकात त्याचे काही नमुने गोळा केले. त्यानंतर पक्षी जणू नाहीसा झाला. उरला एकच नंतरचा पुरावा : रिचर्ड माइनर्ट्‌झहागेन या प्रसिद्ध संग्राहकाचा, गुजरातमधील मांडवी येथे १९१४ मध्ये मिळाल्याचे सांगितलेला नमुना.

१३.
अमेरिकी पक्षीतज्ज्ञ पामेला रासमुसेन यांनी तो नमुना बारकाईने तपासला. कातडी पुन्हा भरली गेली होती, तरी मूळ हाताची ढब लपली नव्हती. ती डेव्हिडसनची होती. संग्रहालयातील जुना नमुना चोरून त्याला नवी जागा आणि नवी तारीख चिकटविली होती. एका बनावट ओळीने शोधणाऱ्यांना दशकानुदशके चुकीच्या दिशेला पाठविले. इतिहासात बनावट ताम्रपट जे करतो, तेच या चिठ्ठीने केले.

१४.
खोटा पुरावा बाजूला सारल्यावर खरा उजळला. रासमुसेन आणि त्यांचे सहकारी बेन किंग व डेव्हिड अ‍ॅबट यांनी जुन्या अस्सल नोंदींची ठिकाणे पिंजून काढली. २५ नोव्हेंबर १९९७ रोजी, सध्याच्या नंदुरबार जिल्ह्यातील शहाद्याजवळ, त्यांना जिवंत रानपिंगळा दिसला. ११३ वर्षांनी! डेव्हिडसनच्या प्रामाणिक चिठ्ठ्यांनी शतक ओलांडून वाट दाखविली. तेथील रहिवाशांच्या रानात मात्र तो पक्षी या सर्व काळात होताच.

१५.
घराजवळच्या पाहणाऱ्याचे महत्त्व किती, याचे उदाहरण आपल्या शेजारच्या जिल्ह्यात आहे. सोलापूरचे हौशी पक्षीनिरीक्षक बी. एस. कुलकर्णी यांनी १९७० च्या दशकात नान्नजच्या माळावरील माळढोकांकडे वनखात्याचे लक्ष वेधले. १९७९ मध्ये माळढोक अभयारण्य घोषित झाले. सोलापूर आणि अहमदनगर जिल्ह्यांत पसरलेले त्याचे क्षेत्र सुमारे ८,४९६ चौरस किलोमीटर होते. शेते आणि गावेही त्यात आल्याने संघर्ष झाला, आणि पुढे ते सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरवर आणण्यात आले.

१६.
या कथेचा शेवट सुखाचा नाही. माळरान आक्रसले, आणि नान्नजला अलीकडे माळढोक दिसणे ही दुर्मीळ घटना झाली आहे. म्हणूनच जुन्या नोंदींचे मोल वाढते. या माळावर हा पक्षी होता आणि तो येथे अंडी घालत होता, हे सांगणारा साक्षीदार आता त्या वह्याच आहेत. माळ म्हणजे ओसाड पडीक जमीन, असे कोणी म्हटले, तर उत्तर देण्यासाठी तारीखवार पुरावा लागतो.

१७.
पुन्हा जटायूकडे येऊ. विसाव्या शतकाच्या अखेरीस भारतातील गिधाडे कोसळली. पांढऱ्या पुठ्ठ्याच्या गिधाडांची संख्या १९९२ ते २००७ या पंधरा वर्षांत ९९ टक्क्यांहून अधिक घटली. कारण २००४ मध्ये पाकिस्तानातील संशोधनातून निश्चित झाले : जनावरांना दिले जाणारे डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक औषध. औषध दिलेले जनावर मेले आणि गिधाडांनी खाल्ले, की त्यांची मूत्रपिंडे निकामी होत. २००६ मध्ये भारताने या औषधाच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी घातली.

१८.
ही घट आकड्यांत कशी मांडता आली? १९९० च्या दशकाच्या आरंभी, गिधाडे मुबलक असताना, रस्त्यारस्त्याने जाऊन शिकारी पक्ष्यांची मोजणी झाली होती. २००० मध्ये त्याच रस्त्यांवर पुन्हा मोजले गेले आणि फरक समोर आला. पहिल्या वेळी, गिधाडे काय, सर्वत्र आहेत, असे म्हणून त्यांना वगळले असते, तर तुलनाच शक्य नव्हती. सर्रास दिसणाऱ्या पक्ष्याची नोंद करणे म्हणूनच वायफळ नसते. इतिहासाच्या साधनांतही रोजचे हिशेबी कागद पुष्कळदा राजपत्रांहून अधिक बोलतात.

१९.
येडशी रामलिंग घाट अभयारण्य १९९७ मध्ये घोषित झाले. क्षेत्र सुमारे २२ चौरस किलोमीटर, म्हणजे नान्नजच्या मानाने चिमुकले. भोवती शेते, महामार्ग आणि लोहमार्ग. एवढ्याशा रानात कोण येते, कोण येईनासे होते, हे दुरून येणाऱ्या तज्ज्ञाला एका फेरीत कळणार नाही. वर्षभर तीच वाट तुडविणाऱ्या विद्यार्थ्याला, गुराख्याला किंवा पुजाऱ्याला ते कळू शकते. साइक्सने न ओलांडलेली सीमा त्यांच्यासाठी घराचा उंबरठा आहे.

२०.
अशा नोंदींची बेरीज काय करू शकते, ते २०२३ च्या भारतीय पक्ष्यांच्या सद्यःस्थिती अहवालात दिसते. ३०,००० हून अधिक पक्षीनिरीक्षकांच्या सुमारे ३ कोटी नोंदींवर तो उभा आहे. ज्या ३३८ जातींचा दीर्घकालीन कल काढता आला, त्यांतील ६० टक्के जाती घटल्या आहेत. दसऱ्याला ज्याचे दर्शन शुभ मानतात तो नीळपंखही घटणाऱ्यांत आहे. विजेच्या तारेवर बसलेला हा पक्षी आपल्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. किती जणांनी तारीख लिहून ठेवली?

२१.
सुरुवातीस महागडी साधने लागत नाहीत. एक वही घ्या. एकच वाट ठरवा आणि ठरावीक वेळ चाला. दिवस, वेळ, जागा, हवामान आणि दिसलेली संख्या लिहा. पक्षी ओळखला नाही, तर आकार, चोच, आवाज आणि हालचाल लिहा आणि पुढे स्पष्ट नोंदवा : ‘ओळख अनिश्चित’. हे दोन शब्द लिहिण्यात कमीपणा नाही. शंका नोंदविणारी वही विश्वासार्ह असते. तिच्यातील निश्चित ओळींना त्यामुळेच वजन येते. स्थानिक नाव ऐकलेत, तर ज्याने सांगितले त्याच्या उच्चारात टिपून ठेवा.

२२.
सोलापूरला जन्मलेले वनाधिकारी-लेखक मारुती चितमपल्ली यांनी पक्ष्यांची मराठी नावे जमवून ‘पक्षीकोश’ सिद्ध केला. गुराखी आणि पारधी यांच्या बोलीला त्यांनी ग्रंथात जागा दिली. ५ नोव्हेंबर हा त्यांचा जन्मदिवस आणि १२ नोव्हेंबर हा सालीम अलींचा. या दोन तारखांमधील आठवडा महाराष्ट्रात २०२० पासून ‘पक्षी सप्ताह’ म्हणून पाळला जातो. वही सुरू करण्यास हे दिवस उत्तम, कारण तेव्हा हिवाळी पाहुणे पक्षीही आलेले असतात.

२३.
रामलिंगाच्या दरीवर आज कधी घार फिरताना दिसली, तर ती साइक्सची ‘गोविंदा’ आहे हे आठवावे, आणि तारीख लिहावी. एखादे गिधाड दिसले, तर तारीख, वेळ, दिशा आणि संख्या, सर्व लिहावे. जटायूची साक्ष कथेने जपली. त्याच्या वंशजांची साक्ष जपण्याचे काम आता वह्यांकडे आले आहे. आपल्या गावातील एखाद्या पक्ष्याचे स्थानिक नाव येथे अवश्य लिहा. सोबत गाव आणि तालुकाही लिहा.