बोरू, बाण आणि खिशातले पाते : खानदेशातील एका लहानशा हत्याराची कथा

धुळे शहरात जुन्या कागदांची दोन मोठी घरे आहेत. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यात निवर्तले. त्यांच्या संग्रहाच्या जतनासाठी पुढच्याच वर्षी राजवाडे संशोधन मंडळ उभे राहिले. दुसरे घर म्हणजे शंकर श्रीकृष्ण देव यांनी रामदासी हस्तलिखितांसाठी उभारलेले श्री समर्थ वाग्देवता मंदिर. तेथील रुमाल सोडले की मोडीच्या आणि बाळबोधीच्या ओळीमागून ओळी उलगडतात. अक्षराचे वळण सर्वांना दिसते. ते वळण ज्या पात्याने घडवले ते मात्र सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही.

बोरू म्हणजे वेताएवढा पोकळ लव्हाळा. तो जसाच्या तसा लिहीत नाही. त्याचे टोक एका बाजूने उतरते तासावे लागते, मध्ये बारीक चीर द्यावी लागते आणि शेवटी टणक आधारावर ठेवून एका घावात तिरके छाटावे लागते. या शेवटच्या छाटणीचा कोन जरा चुकला की अक्षराची जाडी-बारीकी बिघडते. शिवाय बोरू लिहिता लिहिता झिजतो, त्यामुळे तो दिवसातून अनेकदा पुन्हा तासणे आले. म्हणून दप्तरातल्या कारकुनाजवळ दौत आणि कलमदान असे, तसे एक लहान पातेही असे. फारसीतून मराठीत आलेले त्याचे नाव ‘कलमतराश’, म्हणजे कलम तासणारा. समर्थांच्या दासबोधातील एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास लेखनक्रियेवरच आहे, आणि नाना देशींचे बोरू कसे निवडावे येथपर्यंतचा बारकावा त्यात आला आहे. लेखन ही हाताची कारागिरी होती. हत्यार चांगले नसेल तर ती साधत नसे.

या पात्याकडून कारकुनाच्या अपेक्षा फार थोड्या, पण नेमक्या असत. पाते आखूड हवे, कारण लांब पाते बोटांच्या ताब्यात राहत नाही. ते पातळ हवे, कारण जाड पाते बोरू कापत नाही, चिरडते. वजन इतके कमी हवे की कमरेला किंवा कलमदानात ते जाणवू नये. आणि त्याची धार घरच्या दगडावर पुन्हा लागली पाहिजे. आज पहिल्यांदाच खिशातला चाकू घेणाऱ्या तरुणाने यापेक्षा वेगळी यादी करण्याचे काही कारण नाही.

याच खानदेशात दुसऱ्या एका हत्याराची कथा अगदी निराळ्या दिशेने गेली. १८१८ मध्ये हा मुलूख इंग्रजांच्या ताब्यात आला, तेव्हा सातपुड्यातील आणि अजिंठ्याच्या डोंगरांतील भिल्लांशी त्यांचा संघर्ष सुरू झाला. १८२५ मध्ये जेम्स औट्रम याने धरणगावी भिल्ल पलटण उभारली. काल ज्यांच्यावर बंदुका रोखल्या होत्या त्यांच्याच हाती सरकारी बंदुका देण्याचा तो डाव होता. तो पुष्कळसा साधलाही. तरीही १८५७ च्या उठावात खाज्या नाईक उभा राहिला, आणि एप्रिल १८५८ मध्ये सातपुड्यातील अंबापाणी येथे भिल्ल आणि इंग्रजी फौज यांची मोठी लढाई झाली.

त्यानंतर देशभर शस्त्रे काढून घेण्याचे सत्र सुरू झाले. १८७८ च्या शस्त्र कायद्याने ‘शस्त्र’ या शब्दाची व्याख्या केली, तीत तोफा-बंदुका, तलवारी, खंजीर आणि भाले यांच्या बरोबरीने धनुष्यबाणही नावानिशी घातला. भिल्लाच्या दृष्टीने कमठा म्हणजे शिकारीचे साधन, पोटाचे साधन. कायद्याच्या लेखी तो तलवारीच्या पंगतीत बसला. कारकुनाच्या चाकूचा मात्र त्या व्याख्येत नावाने उल्लेख नाही. अंमलबजावणीत प्रांतोप्रांती सवलती होत्या हे खरे. पण साधन कोणते आणि शस्त्र कोणते, हे पात्याच्या धारेपेक्षा ते कोणाच्या हाती आहे यावरून ठरू लागले, ही गोष्ट लपत नाही.

शस्त्रांची मागणी आटली तेव्हा ती घडवणाऱ्यांचे आणि उजळणाऱ्यांचे काय झाले? शिकलगार हे नावच मुळी शस्त्राला ओप देणाऱ्याचे. तलवारी गेल्या, तसे शिकलगारांच्या सहाणेवर कात्र्या, सुऱ्या, अडकित्ते आणि वस्तरे आले. गाडीवर संसार घेऊन फिरणारे घिसाडी विळे, खुरपी, कोयते घडवून आठवडी बाजारात विकत राहिले. जपानमध्येही जवळपास याच सुमारास असेच घडले. तेथे १८७६ च्या हुकुमाने कमरेला तलवार लावण्यास बंदी झाली, आणि पुढे मिकी गावच्या लोहारांकडून ‘हिगोनोकामी’ हा एका दुमडलेल्या पत्र्याच्या मुठीचा, अतिशय स्वस्त चाकू घरोघर पोहोचला. शाळकरी मुले त्याने पेन्सिली तासत. १९६० मध्ये एका राजकीय पुढाऱ्याची आखूड तलवारीने हत्या झाली, मुलांच्या हाती पाते नको अशी मोहीम निघाली आणि तो चाकू दप्तरांतून नाहीसा झाला. हत्या तलवारीने झाली, शिक्षा पेन्सिलीच्या चाकूला!

खानदेशात विलायती चाकू आला तो कापसाच्या वाटेने. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात, १८६१ ते १८६५ दरम्यान, येथील कापसाला कधी नव्हे असा भाव मिळाला. त्याच दशकात रेल्वेचा मार्गही या भागातून गेला. मुंबईच्या बंदरात उतरणाऱ्या मालात शेफिल्डच्या चाकूंचा मोठा मान होता. मान आला की नक्कल आलीच. जर्मनीतील झोलिंगेनचे काही कारखानदार हलक्या मालावर शेफिल्डचे शिक्के मारतात, अशी तक्रार इतकी वाढली की ब्रिटनमध्ये १८८७ साली आणि हिंदुस्थानात १८८९ साली व्यापारी चिन्हांचे कायदे करावे लागले. गंमत अशी, की पुढे झोलिंगेनचे नाव स्वतःच उत्तम पोलादाची खूण बनले आणि त्याच्याही नकला होऊ लागल्या. तेव्हा पात्यावरची मुद्रा वाचून चाकू घेण्यापेक्षा पाते उघडून पाहणे बरे, हा धडा दीडशे वर्षांपूर्वीचाच आहे.

काय पाहावे? उघडल्यावर पाते बाजूंना डगमगते का. मिटल्यावर धार मुठीच्या आत पुरती जाते का. एका हातात धरून दुसऱ्या हाताने ते सहज उघडते का, की नख तुटायची वेळ येते. पोलादाचा प्रश्न जळगावकडच्यांना अधिक जाणवतो. रावेर-यावलच्या केळीबागेत साध्या पोलादाचे पाते केळीच्या चिकाने पाहता पाहता काळे पडते, कारण त्या चिकातील तुरट द्रव्याचा लोखंडाशी संयोग होतो. हिरडा आणि हिराकस यांची जुनी शाईदेखील याच रासायनिक क्रियेने काळी होत असे. १९१३ मध्ये शेफिल्डच्या हॅरी ब्रिअर्ली याने न गंजणारे पोलाद तयार केल्यावर ही कटकट पुष्कळ कमी झाली. साधे पोलाद मात्र घरच्या दगडावर लवकर धार घेते, म्हणून पुसून कोरडे ठेवण्याची सवय असलेल्याला ते आजही आवडते. फ्रान्सच्या साव्हॉय भागात जोसेफ ओपिनेल याने १८९० मध्ये लाकडी मुठीचा जो साधा शेतकरी चाकू केला, त्याच्या आठ क्रमांकाच्या नमुन्याचे पाते साडेआठ सेंटिमीटरचे आणि वजन पन्नास ग्रॅमच्या आत आहे. रोजच्या वापराला याहून मोठे पाते क्वचितच लागते.

बोरू गेला, टाक आला, मग पेन्सिल आणि तिच्यासाठी दाढीचे अर्धे ब्लेड. चाकूचे लेखणीशी असलेले नाते तुटले. त्याच काळात हिंदी चित्रपटाने खटका दाबताच उघडणारा रामपुरी घराघरांत ओळखीचा केला. १९६५ च्या ‘वक्त’ मधला राजकुमारचा चाकूचा प्रसंग आजही लोकांच्या तोंडी आहे. कारकुनाचे पाते विस्मरणात गेले, गुंडाचे तेवढे लक्षात राहिले.

स्वातंत्र्यानंतरच्या १९५९ च्या शस्त्र कायद्याने व्याख्या बदलली. केवळ घरगुती किंवा शेतीच्या कामासाठी घडवलेली वस्तू शस्त्र नाही, असे तो स्पष्ट म्हणतो. नियमांत नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याचे चाकू शस्त्रांच्या यादीत येतात, आणि तेथेही घरगुती, शेती, शास्त्रीय व औद्योगिक कामाची पाती वगळली आहेत. खिशातला लहान चाकू या मापाच्या पुष्कळ अलीकडे राहतो. खटक्याच्या चाकूंबाबत काही ठिकाणी याहून कडक अधिसूचना निघाल्या आहेत, म्हणून पहिल्या खरेदीत त्यांच्या वाटेला न जाणेच शहाणपणाचे.

याखेरीज महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ चे कलम ३७ आहे. सण, निवडणूक किंवा मोर्चा जवळ आला की जळगाव आणि धुळ्याचे जिल्हादंडाधिकारी त्याखाली आदेश काढू शकतात. तो आदेश असेतोवर सार्वजनिक जागी चाकू, सोटा, काठीसुद्धा बाळगता येत नाही. तेथे नऊ इंचांचा हिशेब चालत नाही. त्या दिवसांत कलमतराशाचा वारस घरच्या खणातच राहतो, आणि केळीच्या बागेतला कोयता बागेतच.