खांद्यावरचा देव : माडिया-गोंडांचा आंगा

वैनगंगेकाठचे मार्कंडा इतिहासाला ठाऊक आहे. कनिंगहॅमने १८७३-७४ च्या दौऱ्यात तेथील शिल्पांची नोंद केली आणि 'विदर्भाचे खजुराहो' अशी त्यांची ख्याती झाली. त्याच गडचिरोली जिल्ह्याच्या दक्षिणेस, एटापल्ली-भामरागडच्या डोंगराळ मुलखात, माडिया-गोंडांचा एक देव लाकडात घडतो. त्याची ख्याती झाली नाही.

त्याचे नाव आंगा, म्हणजेच आंगा पेन. गोंडीत पेन म्हणजे देव. तीन समांतर ओंडके, आडव्या काठ्यांना सालीच्या दोरांनी आवळलेले. बाजूचे दोन वाहणाऱ्यांच्या खांद्यांसाठी, मधला प्रत्यक्ष देव. मधल्या ओंडक्याचे पुढे आलेले टोक तेवढे कोरतात : फणा काढलेल्या सापासारखे किंवा पक्ष्याच्या मानेसारखे बाकदार. त्यावर मोरपिसे, ठोकून बसवलेले चांदीचे पत्रे. डोळे नाहीत, हात नाहीत. लाकूडही वाटेल ते चालत नाही. ऐनाच्या झाडाला विशेष मान, कारण गोंडांचा बडादेव ऐनातच वसतो.

हे ओबडधोबड काम नव्हे. मार्कंड्याच्या देवासमोर भक्त उभा राहतो; आंगा भक्ताच्या खांद्यावर चढतो. तो डोलतो, धावतो, अडून बसतो, आणि त्या हालचालींतून आजाराचे कारण किंवा गावाचा कौल वाचला जातो. अशा देवाला चेहऱ्यापेक्षा तोल हवा.

ग्रिगसनने १९३८ साली बस्तरच्या माडियांवर ग्रंथ प्रसिद्ध केला, एल्विनने १९४७ साली मुरियांवर. दोघांचा मुलूख बस्तरचा. अलीकडच्या चांदा जिल्ह्याच्या वाट्याला तसे लेखन फारसे आले नाही. (गडचिरोली वेगळा जिल्हा झाला तो १९८२ मध्ये.) देवांनी मात्र ही सीमा कधी मानली नाही. जानेवारीत सुरजागडच्या ठाकुरदेव यात्रेला छत्तीसगडातूनही भाविक येतात.

लाकडाला वाळवी लागते. जुना आंगा जीर्ण झाला की नवे खोड आणून तो पुन्हा घडवतात. देव तोच, लाकूड नवे. त्यामुळे पुराणवस्तूचे वय मोजून या परंपरेचा इतिहास लिहिता येत नाही. तिचे जुनेपण घडवणाऱ्या हातांच्या सवयीत आहे, आणि दर पिढीला तिला उभे झाड लागते. १८७८ च्या वन कायद्यानंतर राखीव जंगलातले झाड तोडणे हा परवानगीचा विषय झाला. गावाचा हक्क कायद्याने मान्य व्हायला २००६ चा वनहक्क कायदा यावा लागला. मेंढा-लेखाला तो २००९ मध्ये मिळाला.

सुरजागडच्या ज्या डोंगरावर ठाकुरदेवाचे ठाणे आहे, तेथे आज लोहखनिजाची खाण चालते. यात्राही भरते.