घरगुती जलसंवर्धन : ग्वाल्हेरचा धडा

ग्वाल्हेरचा किल्ला वालुकाश्माच्या उंच टेकडीवर उभा आहे. माथ्यावर नदी नाही. तरीही तेथे शतकानुशतके वस्ती टिकली, ती सूरजकुंड, जौहरकुंड, ऐंशी खांबांची बावडी यांसारख्या जलाशयांमुळे. पावसाचे पाणी पडेल तेथेच अडवावे, हे त्यामागील सूत्र होय.

खालच्या शहराची भिस्त प्रामुख्याने सांक नदीवरील तिघरा धरणावर आहे. शिंदे संस्थानाच्या काळात १९१६ साली हे धरण पूर्ण झाले. खडकवासल्याला प्रथम वापरलेले विश्वेश्वरय्यांचे स्वयंचलित दरवाजे येथेही बसविण्यात आले. १९१७ साली पायातील वालुकाश्मात पाणी झिरपून धरण फुटले. पुढे ते पुन्हा उभारण्यात आले. आजही पाऊस ओढ देतो त्या वर्षी शहराला एक दिवसाआड पाणी घ्यावे लागते.

छपरावरचे गणित

एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी मिळते. ग्वाल्हेरचा वार्षिक पाऊस सुमारे ९०० मिलिमीटर. १०० चौरस मीटर छपरावर त्याचे ९०,००० लिटर होतात. वीस टक्के घट धरली तरी ७२,००० लिटर उरतात. माणशी दररोज १३५ लिटर या प्रमाणाने पाच जणांच्या कुटुंबाला ते साडेतीन महिने पुरेल. गोव्यात सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो, म्हणजे त्याच छपरावरून २,४०,००० लिटर. तरीही एप्रिल-मे महिन्यांत अनेक वाड्यांवर टँकरची वाट पाहिली जाते. उणीव पावसाची नसून साठवणीची आहे.

एवढे पाणी टाकीत मावणार नाही. म्हणून गरजेपुरते साठवून उरलेले खडी, वाळू व कोळशाच्या थरांतून गाळून विहिरीत किंवा शोषखड्ड्यात सोडावे. पन्हळीला जाळी लावावी, छप्पर पावसाळ्यापूर्वी झाडावे आणि पहिल्या पावसाचे पाणी वाहू द्यावे.

दैनंदिन सवयी

• गळक्या नळाखाली पाच मिनिटे भांडे ठेवावे. १०० मिलिलिटर जमले, तर दिवसाला जवळपास २९ लिटर वाया जाते. बहुधा एक वायसर बदलल्याने ही गळती थांबते.
• तांदूळ व भाजी धुतलेले पाणी झाडांना घालावे.
• आरओ यंत्रातून बाहेर पडणारे पाणी क्षारयुक्त असते. ते लादी पुसण्यास व शौचालयात वापरावे.
• शॉवरऐवजी बादलीने स्नान करावे.
• कुंड्यांना सकाळी लवकर किंवा सायंकाळी पाणी द्यावे आणि मातीवर पालापाचोळा पसरावा, ओल टिकते.

किल्ल्यावरील कुंडे एका पावसाळ्यासाठी नव्हे, पुढच्या उन्हाळ्यासाठी खोदलेली होती. घरातील पाण्याची तजवीजही त्याच दृष्टीने करावी. छपराची डागडुजी चालू असतानाच पन्हळी बसवून घेतल्यास खर्चही कमी येतो.