अलकनंदाचा फोटो आणि भायखळ्यातले पाच हजार

जेम्स वेब दुर्बिणीच्या फोटोत अलकनंदा दीर्घिकेचे दोन सर्पिल हात स्वच्छ दिसतात. पुण्याच्या ‘एनसीआरए’तल्या राशी जैन आणि योगेश वाडदेकर यांनी ती शोधली. तिचा प्रकाश निघाला तेव्हा विश्व जेमतेम १५० कोटी वर्षांचं होतं. हे फोटो झूम करून कळत नाही; २१ फिल्टरमधून प्रकाश वेगवेगळा मोजावा लागतो.

ताऱ्यांचा प्रकाश असा फोडून वाचायची आपल्याकडची गोष्ट भायखळ्यात सुरू होते. राणीच्या बागेसमोर, आज रेल्वेचं हॉस्पिटल आहे त्या इमारतीत तेव्हा एल्फिन्स्टन कॉलेज होतं. (पुढे तिथेच व्हीजेटीआय आलं, आम्हा इंजिनिअरांना तेवढंच ठाऊक.) १८८२ मध्ये भावनगरच्या महाराजांनी वर्णपटाच्या प्रयोगशाळेसाठी ५,००० रुपये दिले, सरकारने तेवढेच घातले. काम होतं कावसजी नायगमवाला या तरुण पारशी प्राध्यापकाकडे. ते १८८४ मध्ये इंग्लंडला गेले आणि बेतच बदलला: प्रयोगशाळेऐवजी वेधशाळा, भायखळ्याऐवजी पुणे.

१८८८ मध्ये पुण्याच्या सायन्स कॉलेजात, म्हणजे आजच्या सीओईपीत, २० इंची दुर्बीण आली. तिच्यातून त्यांनी मृगातल्या तेजोमेघाची वर्णरेषा तपासली. ती रेषा धारदार निघाली, खुद्द लॉकियर यांच्या मताच्या विरुद्ध. पण सगळा डोलारा एकाच माणसावर. १९१२ मध्ये नायगमवाला निवृत्त झाले, वेधशाळा बंद झाली, दुर्बीण कोडाईकनालला गेली.