खैरातची शाळा आणि संगणकाचे कासव

आपल्या रायगड जिल्ह्यातील खैरात या लहानशा गावी २००७ साली एक वेगळाच प्रयोग सुरू झाला. पहिली ते चौथीची एकशिक्षकी शाळा, मुले वीस-बावीस, आणि प्रत्येकाच्या हाती स्वतंत्र संगणक! ‘वन लॅपटॉप पर चाइल्ड’ या अमेरिकन संस्थेचा भारतातील हा पहिला प्रयोग. केंद्राच्या शिक्षण खात्याने आदल्याच वर्षी ही योजना नाकारली होती. आधी वर्ग आणि शिक्षक हवेत, हे खात्याचे म्हणणे काही अगदीच चुकीचे नव्हते.

त्या संगणकात ‘टर्टल आर्ट’ होते. १९६७ सालच्या ‘लोगो’ भाषेचे हे वंशज. पडद्यावरील कासवाला ‘शंभर पावले पुढे, नव्वद अंश उजवीकडे’ असे चार वेळा सांगितले की चौरस होतो. त्रिकोणासाठी मूल हटकून साठ अंश सांगते आणि आकृती जुळत नाही. वळायचे असतात एकशेवीस. कासव मात्र रागावत नाही.

हे सारे विनामूल्य मिळते, साध्या संगणकावर चालते. मोहोपाडा-रसायनीच्या ज्या मुलामुलींनी कॉलेजात संगणक विषय घेतला आहे, त्यांनी मुख्याध्यापकांची परवानगी घेऊन शनिवारी तासभर जवळच्या शाळेत बसावे. पालकांनीही त्यांना तेवढी मोकळीक द्यावी. सुरुवात षटकोनापासून करावी. त्रिकोणात चुकलेले साठ अंश तिथे बरोबर बसतात.