चरख्याचा झेंडा आणि गिरणीचा कामगार

आज सोलापूरबद्दल बोलायचंय. आपल्या उमरग्यापासून शंभर किलोमीटरच्या आतलं गाव. पण १९३० साली मध्ये सरहद्द होती. आपण निजामाच्या राज्यात, सोलापूर इंग्रजांच्या. पोट मात्र सरहद्द पाहत नाही. आपल्याकडची कितीतरी माणसं तिकडं गिरणीत राबत होती. त्यांच्या शेजारी तेलंगणातून आलेला पद्मशाली विणकर. जुनी मिल, लक्ष्मी, विष्णू, नरसिंगगिरजी... भोंगा वाजला की गाव उठायचं.

५ मे १९३० ला गांधीजींना अटक झाली. बातमी आली, गिरण्या ओस पडल्या. ८ मे रोजी रूपाभवानीच्या बाजूला लोक शिंदीची झाडं तोडायला गेले. पोलिसांनी धरपकड केली, गोळीबार झाला, माणसं मेली. मग जमाव उसळला. कोर्टाची इमारत जाळली गेली. मंगळवार पेठेच्या चौकीत दोन पोलिसांना जिवे मारलं. हेही सांगितलंच पाहिजे, गाळून चालणार नाही. पुढं तीनचार दिवस शहरात इंग्रजांचा अंमल उरला नाही. १२ मे ला मार्शल लॉ लागला, तो ३० जूनपर्यंत.

आता जरा थांबून बघा. शिंदी पिणारा कोण? बराचसा कामगारच. आणि तीच झाडं तोडायला तोच! झेंडा कसला? आजचा तिरंगा नव्हे हो, तो नंतरचा. त्या वेळचा पांढरा, हिरवा, तांबडा, आणि मधोमध चरखा. ज्याचं पोट यंत्राच्या चातीवर चाललंय, तो हातानं फिरवायचा चरखा डोक्यावर उंच धरून निघतो. तर्कशास्त्राच्या वर्गात याला विसंगती म्हणतील. मी म्हणणार नाही. खुणेचा अर्थ कापडावर छापलेला नसतो, ती कोण उचलतो त्यावर ठरतो. १९२० आणि १९२८ चे संप पाहिलेल्या माणसाला गोरा साहेब आणि गिरणीचा मालक वेगवेगळे दिसत नव्हते. सरकारला हे बरोबर कळलं. म्हणून तर मार्शल लॉत बंदुकीइतकीच धास्ती झेंड्याची आणि गांधी टोपीची. रस्त्यात अडवून टोप्या काढायला लावत. दोन पैशांचं कापड ते!

कोर्टच का जाळलं? माझा तर्क सांगतो. कामगार सावकाराच्या व्याजात बुडालेला. कोर्ट म्हटलं की त्याच्या डोळ्यांपुढं जप्ती.

हा तर्क मला सुचला तो वेल्समधल्या मर्थर टिडफिल या लोखंडाच्या कारखान्यांच्या गावावरून. १८३१ साली तिथं मजुरी कापली गेली, आणि कर्जवसुलीच्या कोर्टाचे बेलिफ घरातली भांडीकुंडी उचलून नेत होते. लोकांनी सामान परत मिळवलं, कोर्टाच्या वह्या जाळल्या. जनावराच्या रक्तात कापड बुडवून त्याचा लाल झेंडा केला, आणि काठीच्या टोकाला पाव खोचला. पाव! याहून सरळ मागणी कुठली? सैन्यानं गोळ्या घातल्या. एका सैनिकाला जखमी केलं म्हणून डिक पेंडेरिन या तरुण खाणमजुराला १३ ऑगस्टला कार्डिफमध्ये फाशी दिली. सैनिक जिवंत होता. पुढं १८७४ मध्ये अमेरिकेत मरणाच्या दारातल्या एका माणसानं सांगितलं, वार मी केला होता.

सोलापुरात पोलिसांच्या खुनाबद्दल चौघांना फाशी झाली. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा. १२ जानेवारी १९३१, येरवडा. आरोप खोटा होता हीच सोलापूरकरांची आजवरची ठाम समजूत. कुर्बान हुसेन ‘गझनफर’ पत्राचे संपादक, कामगारांत उठबस असलेले.

सोलापुरात चार पुतळे आहेत, तिथं हार चढतात. चढावेतच. पण त्यांच्याकडं पाहून कुणाला गिरणी आठवत नाही. ८ मे ला जो जमाव होता, शिफ्ट सोडून आलेला, त्याची नावनिशी तिथं कुठंच नाही. गिरण्याही आता बंद. तुमच्यापैकी कुणाचे आजोबा तिथं कामाला होते का? असतील तर नंतर भेटा, मला ऐकायचंय.