रंगनामांची कोष्टके आणि यंत्रवाचक: ‘डिझाइन टोकन’च्या दस्तऐवजीकरणाची पूर्वपीठिका

रंगास नाव देणे सोपे. ते नाव दुसऱ्याने अचूक ओळखावे अशी व्यवस्था करणे कठीण. फ्रायबर्गच्या खनिजविद्यालयातील अब्राहम गॉटलोब वेर्नर याने १७७४ मध्ये खनिजांच्या बाह्य लक्षणांवरील आपल्या ग्रंथात रंगवर्णनाची एक पद्धती घालून दिली. एडिंबरा येथील पुष्पचित्रकार पॅट्रिक साइम याने १८१४ मध्ये तिला विस्तृत कोष्टकाचे रूप दिले. साइमने केवळ रंगाचा ठिपका छापून समाधान मानले नाही. शक्य तेथे प्रत्येक रंगासमोर प्राणी, वनस्पती व खनिज या तिन्ही सृष्टींतील उदाहरण त्याने नोंदविले. ‘प्रशियन निळा’ म्हणजे काय, हे रानबदकाच्या नराच्या पंखावरील ठिपका, ॲनिमोनीच्या फुलातील पुंकेसर आणि तांब्याचे निळे खनिज यांवरून कळे. चार्ल्स डार्विनने ‘बीगल’ नौकेच्या सफरीत (१८३१–३६) हेच पुस्तक जवळ बाळगले होते. ज्याने मूळ नमुना पाहिलेला नाही अशा दूरच्या वाचकासाठी केलेली ही नोंद होय, आणि प्रस्तुत विषयाचे मूळ येथेच शोधावयास हवे.

संगणकाच्या पडद्यावर रंग आला तेव्हा उदाहरणे गळाली; नाव व अंक एवढेच उरले. त्याचा परिणाम काय झाला, हे एका प्रसिद्ध विसंगतीवरून दिसते. ‘एक्स विंडो’ प्रणालीच्या यादीत ‘ग्रे’ म्हणजे लाल, हिरवा व निळा या तिन्ही घटकांचे मूल्य १९०, आणि ‘डार्कग्रे’ म्हणजे १६९. गडद तो गडदच होता. एचटीएमएलच्या १६ नावांत मात्र ‘ग्रे’चे मूल्य १२८ धरले होते. पुढे एसव्हीजी (२००१) व सीएसएसची रंगविषयक तिसऱ्या स्तराची शिफारस (२०११) यांत या दोन परंपरा एकत्र आल्या, आणि ‘डार्कग्रे’ हा ‘ग्रे’पेक्षा फिकट ठरला. दोन्ही याद्या आपापल्या जागी शुद्ध होत्या. दोष सांध्यात होता, आणि त्या सांध्याची हकीकत नावात कोठेच उमटलेली नव्हती.

‘डिझाइन टोकन’ ही संज्ञा २०१४ च्या सुमारास सेल्सफोर्स या कंपनीत, जीना ॲन व जॉन लेव्हाइन यांच्या कामातून रूढ झाली. एकच रंग वा अंतर संकेतस्थळावर, आयओएसवर व अँड्रॉइडवर निरनिराळ्या लिपीत लिहावे लागे. सबब मूल्य एकाच ठिकाणी नोंदवून त्यास कार्यवाचक नाव द्यावे, ही कल्पना. २०१७ मध्ये ॲमेझॉनने ‘स्टाइल डिक्शनरी’ हे रूपांतरक खुले केले. २०१९ पासून डब्ल्यूथ्रीसीच्या समुदायगटाने समान स्वरूपाचा मसुदा हाती घेतला, आणि त्याची पहिली स्थिर आवृत्ती ऑक्टोबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाली. तीत मूल्य व प्रकार यांबरोबर वर्णनासही जागा आहे. मात्र वर्णन ऐच्छिक आहे. प्रस्तुत लेखकाच्या मते सारा प्रश्न या ऐच्छिकतेत साठलेला आहे.

कारण आता वाचक बदलला आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये अँथ्रॉपिकने ‘मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल’ जाहीर केला. जून २०२५ मध्ये फिग्माने त्याच मार्गाने आराखड्यातील चलमूल्ये एआय एजंटांना वाचावयास दिली. मानवी कारागीर शंका आल्यास शेजाऱ्यास विचारतो. कार्यशाळेतील जुन्या वादांची त्यास आठवण असते. एजंटास ती नसते. किनारीचा रंग आणि निष्क्रिय अक्षरांचा रंग आज योगायोगाने १६९ च असतील, तर मूल्यावरून शोधणाऱ्यास दोन्ही टोकने सारखीच योग्य भासतात. त्याने चुकीचे निवडले तरी आज पडद्यावर काहीच बिघडत नाही. उद्या किनारीचा रंग बदलला की अक्षरेही बदलतात, आणि चूक कोठे झाली याचा माग लागत नाही.

म्हणून अशा टोकन-शोधक साधनाचे दस्तऐवजीकरण म्हणजे आज्ञांची यादी नव्हे. मूल्य जुळणे हा पुरावा नसून प्रथम प्रयोजनाने शोध घ्यावा. उपनामाची साखळी मधली कडी न गाळता दाखविली जाईल. गडद रूपात मूल्य निराळे असू शकेल: या गोष्टी त्यात स्पष्ट लिहिलेल्या असाव्यात. संपूर्ण फाइलच एजंटापुढे ठेवावी असेही एक मत आहे. लहान संग्रहास ते चालेल. मोठ्या संग्रहात मात्र वाचनमर्यादेचा बराच भाग निरुपयोगी मूल्यांनी व्यापला जातो. उलट, शोध फार अरुंद केल्यास शेजारचे टोकन दिसतच नाही. आधी गट, मग गटातील नावे, मग एकेक नोंद, हा ग्रंथपालांचा जुना क्रम येथे अधिक हितावह वाटतो.

इतिहासाभ्यासकास विशेष समाधान देणारी एक तरतूद त्या २०२५ च्या स्वरूपात आहे. टोकन कालबाह्य झाले तर ते पुसून न टाकता तसे चिन्हांकित करता येते, आणि कारणही लिहिता येते. ‘डार्कग्रे’च्या वाट्यास ते कधी आले नाही. जुनी असंख्य पाने त्यावर अवलंबून असल्याने त्याचे मूल्य आजही १६९ च आहे.